सीमाभागातला मिनी-संग्रह: बदललेल्या बाजारात काय घ्यावं, कसं ओळखावं, कसं विकावं

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा तसल्या, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या रोलप्लेइंग गेमच्या टेबलावर इंच-सव्वा इंचाच्या मूर्ती मांडलेल्या असतात. हातोडा घेतलेला बुटका, लांब टोपीचा जादूगार, पंख पसरलेला ड्रॅगन. खेळणारे त्यांना सरळ ‘मिनी’ म्हणतात. या मिनी गोळा करणाऱ्यांचा स्वतंत्र बाजार आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो मुळापासून बदलला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहून ज्याला हा संग्रह करायचा आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

माझं म्हणणं असं आहे, की पूर्वी मिनीची किंमत बंद डब्यातल्या नशिबावर ठरायची. आता ती मिनीची ओळख किती पक्की आहे आणि तिच्यावर हाताचं काम कसं झालं आहे, यावर ठरते. आणि या दोन्ही गोष्टी मोठ्या शहरातल्या दुकानांपासून लांब राहणाऱ्यालाही पूर्णपणे जमण्यासारख्या आहेत.

आधी बाजार कसा बदलला ते बघा

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. जुनी मिनी हातात आल्यावर ती कोणत्या काळातली, हे कळलं तरच तिचा भाव कळतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. त्यानंतरची बरीच वर्षं मिनी धातूच्या असत. शिसं आणि कथील यांच्या मिश्रधातूत ओतलेल्या, बिनरंगाच्या. अमेरिकेतल्या सिनसिनाटीची राल पार्था, इंग्लंडची सिटाडेल ही त्या काळातली मोठी नावं. १९९० च्या दशकात शिशाबद्दलची काळजी वाढली आणि कंपन्या बिनशिशाच्या मिश्रधातूकडे वळल्या.

खरा पालट झाला २००० साली. विझकिड्स या कंपनीने ‘मेज नाइट’ आणला. मिनी प्लास्टिकची, कारखान्यातच रंगवलेली आणि बंद डब्यात. आत कोणती निघेल हे उघडल्याशिवाय कळायचं नाही. २००३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने त्या खेळाच्या मिनी याच पद्धतीने काढल्या. एका बंद डब्यात, म्हणजे ‘बूस्टर’मध्ये, आठ मिनी, त्यात एक ‘रेअर’, म्हणजे दुर्मिळ. म्हणजे दुर्मिळपणा कारखान्यातच मोजूनमापून भरलेला होता. संग्राहक डब्यांवर डबे फोडत राहिले. २०११ च्या सुरुवातीला कंपनीने ही मालिका बंद केली आणि बाजारात उरलेल्या सुट्या मिनींना, विशेषतः मोठ्या राक्षसांना, वेगळीच किंमत आली.

मग २०१२ साली टेक्सासच्या रीपर कंपनीने ‘बोन्स’ नावाच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या, बिनरंगी मिनींसाठी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर लोकांकडून ३४ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. एका झटक्यात घरोघरी शेकड्यांनी मिनी पोचल्या. २०१४ मध्ये हिरो फोर्जने संगणकावर हवं ते पात्र जुळवून थ्रीडी प्रिंट करून मिळण्याची सोय केली. त्याच वर्षी विझकिड्सने, आता परवाना घेऊन, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बंद डब्यांची नवी मालिका ‘आयकॉन्स ऑफ द रेल्म्स’ सुरू केली. आणि २०१८-१९ पासून रेझिनचे, म्हणजे उजेडाने कडक होणाऱ्या द्रव प्लास्टिकचे, घरगुती थ्रीडी प्रिंटर आवाक्यात आले, तेव्हा बारीक नक्षीची मिनी घरच्या टेबलावर तयार होऊ लागली.

आज या सगळ्या पिढ्या एकाच बाजारात एकमेकींशेजारी विकल्या जातात. खेळायला राक्षस हवा असेल तर तो प्रिंट करून मिळतो, त्यामुळे साध्या, न रंगवलेल्या नव्या मिनीला संग्राहकाच्या दृष्टीने फारसं मोल उरलेलं नाही. उलट जुन्या धातूच्या, बंद झालेल्या मालिकांच्या आणि उत्तम रंगवलेल्या मिनींना मान आहे.

पायरी १: कशासाठी घेताय ते ठरवा

खेळायला, रंगवायला की जपायला? तिन्ही एकत्र करू नका. खेळायच्या मिनी हाताळल्या जातात, पडतात, रंग उडतो. त्यावर पैसा घालू नये. रंगवायच्या मिनीत नक्षी खोल आणि स्पष्ट हवी, वय महत्त्वाचं नाही. जपायच्या मिनीत मूळपण आणि अवस्था, एवढंच बघायचं. नवख्याने पहिलं वर्ष रंगवण्यात घालवावं. त्यातून नजर तयार होते आणि ती पुढे खरेदीत कामी येते.

पायरी २: बंद डबा घेऊ नका, सुटी मिनी घ्या

बंद डब्याची मजा मला मान्य आहे, पण आपल्याकडे ती परवडत नाही. आयकॉन्सच्या साध्या डब्यात चार मिनी असतात. त्यातल्या तीन नको असल्या तर अमेरिकेतला माणूस शेजारच्या दुकानात बदलून घेतो. निपाणीतल्या माणसाने कोणाशी बदलायच्या? आयात खर्च मात्र चारही मिनींवर भरलेला असतो. म्हणून हवी ती सुटी मिनी, मागचा-पुढचा आणि मिनी जिच्यावर उभी असते त्या बैठकीच्या तळाचा फोटो मागवून घ्यावी. तळाचा फोटो न देणाऱ्याकडून घेऊ नये.

पायरी ३: ओळख पटवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

बैठक उलटी करा. विझर्ड्सच्या २००३ ते २०११ मधल्या मिनींच्या तळाशी नाव, मालिकेचं चिन्ह, क्रमांक आणि प्रकार छापलेला असतो: गोल ठिपका म्हणजे कॉमन, पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे अनकॉमन, चांदणी म्हणजे रेअर. चांदणी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. कित्येक रेअर मिनी खेळात कोणाला नको होत्या आणि आजही स्वस्त आहेत. उलट सैनिक म्हणून दहा-वीस लागतात अशा साध्या कॉमन मिनीला सतत मागणी असते.

धातूच्या बऱ्याच मिनींत पायाखाली पट्टी असते, ती बैठकीच्या खाचेत बसते. तिच्यावर बऱ्याचदा कंपनीचं नाव, साल किंवा क्रमांक कोरलेला असतो. मिनी बैठकीत चिकटवलेली असेल तर ही खूण लपते. ती बघण्यासाठी उचकटू नका, विकणाऱ्यालाच विचारा.

आता नकलांबद्दल. जुन्या धातूच्या मिनीचा रबरी साचा काढून पुन्हा ओतलेल्या नकला फिरत असतात. ओतकाम थंड होताना आकसतं, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणारा कोणी ना कोणी आपल्या ओळखीत असतोच. त्याच्याकडून बारीक मोजमापाचं व्हर्नियर मागून घ्या आणि तलवारीची लांबी, खांद्यांची रुंदी मोजून खात्रीच्या मूळ मिनीशी पडताळा. आकसण्यापेक्षाही लवकर कळणारी खूण म्हणजे मऊ पडलेली नक्षी. साखळी-चिलखताच्या कड्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, बोटं वेगवेगळी न दिसता पंजाचा गोळा होतो, काखेत आणि मांड्यांमध्ये हवेचे बुडबुडे राहतात.

रेझिन प्रिंट ओळखणं त्यामानाने सोपं. दिव्याखाली तिरकी धरली तर गोलाईवर थरांच्या बारीक पायऱ्या दिसतात, विशेषतः डोक्यावर आणि खांद्यावर. झग्याच्या आतल्या बाजूला, प्रिंट होताना टेकू म्हणून असलेल्या आधारकाड्या तोडल्याचे टिपके असतात. कारखान्यातलं पीव्हीसी थोडं वाकतं, साधं रेझिन बहुधा मोडतं. अर्थात हे तपासायला दुसऱ्याची मिनी वाकवू नका.

प्रिंट म्हणजे वाईट, असं मुळीच नाही. प्रिंट आहे हे सांगून विकली तर व्यवहार चोख आहे. मूळ म्हणून विकली तर फसवणूक आहे.

पायरी ४: परदेशातून मागवायचं असेल तर हिशेब आधी

भारतात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्यामुळे परदेशी मिनी आणून ठेवणं दुकानदारांना जड झालं. स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने येणाऱ्या पार्सलला वेगळा दर लागू शकतो आणि तो अर्थसंकल्पात बदलतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी कुरिअर कंपनीकडून शुल्काचा अंदाज लेखी घ्या. मिनीची किंमत, पाठवणी, शुल्क, जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी आकार, हे पाचही आकडे एका कागदावर मांडल्याशिवाय पैसे भरू नका.

‘गिफ्ट म्हणून पाठवतो, शुल्क लागणार नाही’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून माल आयात करण्याची सवलत राहिलेली नाही.

कस्टमच्या केवायसीत नाव-पत्ता कागदपत्राशी जुळावा लागतो. २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं, पण कित्येकांच्या जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्यावर बेळगावी आहे. ज्या ओळखपत्राची प्रत देणार, त्यावर जसं आहे तसंच पार्सलवर लिहायला सांगा. पिनकोड आणि फोन न चुकता.

क्राउडफंडिंगमध्ये, म्हणजे किकस्टार्टरसारख्या आगाऊ वर्गणीत, पैसे गुंतवताना आणखी सावध राहा. वस्तू यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क अचानक वाढवलं, तेव्हा चीनमध्ये मिनी बनवून घेणाऱ्या कंपन्यांची गणितं कोलमडली आणि मोठ्या मिनी खेळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सीमॉनने नवे प्रकल्प थांबवले. आपण अमेरिकेत नसलो तरी छपाई आणि साचे त्यांच्याच ऑर्डरवर चालतात, त्यामुळे झळ आपल्यापर्यंत येते.

पायरी ५: प्रिंट करायचं असेल तर

सव्वा इंचाच्या मिनीला साधारण ५ ते १० मिलिलिटर रेझिन लागतं. लिटरला दोन हजार रुपये धरले तर एका मिनीचं रेझिन दहा ते वीस रुपयांचं. त्यात बिघडलेल्या प्रिंट, हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वीज मिळवा, म्हणजे खरा खर्च कळेल. वर्षाला पंचवीस-तीस मिनीच हव्या असतील तर प्रिंटर घेऊ नका, दुसऱ्याकडून प्रिंट करून घ्या.

आपल्या हवामानाची एक गोष्ट सांगतो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ थंड असते. वीस अंशांखाली रेझिन घट्ट होतं आणि प्रिंट प्रिंटरच्या पट्टीवरून सुटते. बंद बाटली कोमट पाण्यात ठेवून, मग नीट हलवून ओता. दुपारी प्रिंट करा.

रेझिन त्वचेला लागू देऊ नका. नायट्राइलचे हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच. ज्यात प्रिंट धुतली ते अल्कोहोल मोरीत ओतू नका. आपल्याकडे जुन्या घरांत अजून विहिरी आहेत आणि परसातलं पाणी तिथेच मुरतं. ते अल्कोहोल पारदर्शक बाटलीत झाकण लावून उन्हात ठेवा, रेझिन कडक होऊन खाली बसतं, वरचं गाळून पुन्हा वापरा. आगीपासून लांब.

प्रिंट करायची थ्रीडी शिल्पाची फाइल विकत घेतली म्हणजे प्रिंट विकायचा हक्क मिळाला, असं नाही. साधा परवाना स्वतःच्या वापरापुरता असतो. विकायचं असेल तर शिल्पकार वेगळा व्यापारी परवाना देतात, बहुधा महिन्याच्या वर्गणीवर. तो चालू असेपर्यंतच विक्री करता येते.

पायरी ६: रंगवा, कारण किंमत इथे तयार होते

बेळगावात गणपतीचं रंगकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा हात बघा: मनगट टेकलेलं, श्वास रोखलेला, ब्रश स्थिर आणि मूर्ती फिरती. मिनी रंगवायची रीत हीच. श्रावणात एखाद्या मूर्तिकाराकडे परवानगी घेऊन तासभर बसा. कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

सरावासाठी दिवाळीत किल्ल्यावर मांडलेले मावळे वापरा. मिनीपेक्षा ते मोठे असतात, चेहरा सापडतो. पांढरा प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, मारून पुन्हा रंगवा. हात बसला की सव्वा इंचावर या.

डोळ्याचा क्रम असा. आधी डोळ्याच्या खोबणीत गडद तपकिरी आडवी रेघ. ती सुकली की तिच्या आत पांढऱ्याची त्याहून बारीक रेघ, कडेला तपकिरी शिल्लक ठेवून. मग बुबुळ: ठिपका न देता उभी छोटी रेघ ओढा, जी वरच्या आणि खालच्या दोन्ही पापण्यांना टेकेल. सुटा गोल ठिपका दिला की मिनी दचकल्यासारखी दिसते. दोन्ही बुबुळं किंचित एकाच बाजूला वळवली तर नजर जुळते, अगदी समोर बघणारी जुळवणं कठीण. चुकलं तर कातडीच्या रंगाने खालून कापत आणा. ब्रश शून्य-शून्य नंबरचा नको, एक नंबरचा टोकदार घ्या. बारीक ब्रशवर रंग टोकाला पोचायच्या आत सुकतो.

स्टेशनरीत मिळणारे क्राफ्टचे ॲक्रिलिक रंग बैठकीला आणि मोठ्या राक्षसाला चालतात. त्यातली पूड जाडसर असते, चेहऱ्यावर कण दिसतात. चेहरा, कातडी आणि धातू यांच्यासाठी मिनीचे खास रंग घ्या, पाच-सहा बाटल्या पुरतात. दोन पातळ हात द्या, एक जाड नको.

बैठकीला इथली लाल माती उत्तम दिसते. चाळून, तव्यावर कोरडी भाजून घ्या म्हणजे बुरशी धरत नाही. फेव्हिकॉलवर भुरभुरवा, सुकल्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने पक्की करा.

बोन्ससारख्या मऊ प्लास्टिकवर काही स्प्रे प्राइमर महिनोन्‌महिने चिकट राहतात. आधी साबणाने धुवा आणि ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्राइमर वापरा. वाकलेली तलवार कढत पाण्यात काही सेकंद बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा.

एक मात्र जुन्या मिनीबाबत सांगायलाच हवं: कारखान्यात रंगवलेली, बंद झालेल्या मालिकेतली मिनी पुन्हा रंगवली तर संग्राहकाच्या लेखी तिची मूळ किंमत जाते. रंगवायला वेगळी घ्या.

मराठा सैनिक, घाटातली वाट, राजहंसगडासारखा बुरूज असे विषय थ्रीडी शिल्पात स्वतः घडवणाऱ्याला खूप वाव आहे, असं मला मनापासून वाटतं. तिथे एक मर्यादा पाळा. छत्रपतींची मूर्ती सोंगटी म्हणून पटावर आणू नका आणि विकूही नका. मावळा, हरकारा, गडकरी यांच्यात भरपूर करण्यासारखं आहे.

पायरी ७: पावसाळ्यापासून जपा

जून ते सप्टेंबर बेळगावात आणि खानापूर-जांबोटीकडे तर भिंतींनाही ओल चढते. दमट हवेत स्प्रे मारला की प्राइमर खरखरीत किंवा पांढुरका बसतो. वर्षभराचं प्राइमर आणि वार्निश एप्रिल-मेमध्ये सकाळी उरका, पावसात फक्त ब्रश.

शिशाच्या जुन्या मिनी लाकडी किंवा नव्या प्लायवूडच्या कपाटात ठेवू नका. लाकडातून आणि गोंदातून आम्लाची वाफ सुटते, तिने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि मिनी आतून खचत जाते. पत्र्याचं किंवा काचेचं कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या. भुकटी दिसलीच तर ती मिनी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा, फुंकू नका, ओल्या कापसाने टिपा आणि हात धुवा. लहान मुलांच्या हाती शिशाची मिनी देऊ नका.

पीव्हीसी मिनी मऊ प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवल्या तर उन्हाळ्यात चिकटतात. साध्या कागदात गुंडाळा.

पायरी ८: नोंद ठेवा, मग विका

प्रत्येक मिनीची वहीत नोंद करा: नाव, मालिका, साल, कुठून घेतली, किती खर्च आला, कोणी रंगवली, कोणते रंग वापरले, तळाचा फोटो. विकताना ही वहीच तुमची पत आहे. भाव ठरवताना लोकांनी मागितलेले भाव बघू नका, विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघा.

आता सीमाभागाची खास अडचण. जुना वैयक्तिक संग्रह कधीतरी विकणं वेगळं आणि नियमित धंदा वेगळा. धंदा करायचा असेल तर लक्षात ठेवा: कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकला की उलाढाल कितीही लहान असली तरी लागते. म्हणजे पाचशे किलोमीटरवरच्या बंगळूरला पाठवलेली मिनी राज्यातली आणि निपाणीहून तासाभरावरच्या कोल्हापूरला दिलेली परराज्यातली. आपले बहुतेक गिऱ्हाईक कोल्हापूर, सांगली, पुणे आणि गोव्याकडेच असणार, म्हणून पहिली ऑर्डर घेण्याआधी सीएला भेटा. हाताने घडवलेल्या काही ठराविक वस्तूंना या अटीतून सवलत आहे. तुमचं रंगकाम किंवा शिल्प त्यात बसतं का, हेही त्यालाच विचारा.

पैसे आल्याशिवाय पाठवू नका आणि पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआयचा पिन कधीच टाकू नका. पाठवताना मिनीची बैठक डब्याच्या तळाला दुहेरी टेपने चिकटवा, म्हणजे तलवार कशालाही टेकत नाही. कापूस थेट रंगावर ठेवू नका, धागे अडकून टोकं मोडतात. हा डबा दुसऱ्या मोठ्या डब्यात, मध्ये चुरगळलेला कागद, आणि पावसाळ्यात बाहेरून प्लास्टिक. बंद करण्याआधी आतल्या डब्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा आणि त्याच फोटोखाली वहीतली नोंद जोडा.